शोभेची विंच

परसात ताडपत्रीखाली काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा विषय कुणी काढत नसे. ताडपत्रीच्या खळग्यात पाणी साचायचं, कावळे येऊन प्यायचे. सासूबाई सरपण रचायला तेवढी जागा मागायच्या आणि आप्पा दर वेळी ऐकू न आल्यासारखं करायचे. म्हणून त्या दुपारी जेवता जेवता बाबू म्हणाला, "आप्पा, विंच बाहेर काढू या. साफ करून रंग देऊ," तेव्हा आप्पांचा घास हातातच राहिला.

"का रे? काय झालं?"

"काही नाही. गंजून चाललीय नुसती."

"ती गंजतेय हे तुला आज दिसलं होय?"

"काढा, काढा माझ्या सवतीला बाहेर," सासूबाई म्हणाल्या. "उजेडात तोंड तरी बघू दे एकदा. हिच्यापायी साऱ्या जन्मात एक पावसाळा यांनी घरात धड काढला नाही."

आप्पा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, आणि घाईघाईनं ताट पुसून उठले. सुनेनं मान वर केली नाही. भातात खडा लागावा तशी ती बोटांनी काहीतरी चाचपत राहिली. तिला आदल्या दिवशीच सगळं कळलं होतं.

नवा पूल व्हायच्या आधी रस्ता खाली ओढ्यात उतरायचा. दोन्ही काठांना चिकणमाती. पाऊस लागला की ट्रक, टेम्पो, बस, जे येईल ते तिथं रुतायचं, आणि मग कुणीतरी आप्पांच्या दाराशी येऊन हाका मारायचं. आप्पांच्या जुन्या ट्रकच्या पाठीवर ही हातानं फिरवायची विंच बसवलेली होती. तारेचा दोर सोडायचा, रुतलेल्या गाडीला हुक अडकवायचा आणि दोन बाजूंनी दोघांनी हँडल मारत राहायचं. गाडी कुरकुरत, चिखल ओकत वर यायची. त्या कामावर घर उभं राहिलं, बाबू शिकला, लग्न झालं. मग पूल झाला. ओढ्याकडं जायला कुणाला कारणच उरलं नाही. ट्रक भंगारात गेला, विंच तेवढी आप्पांनी उतरवून ठेवली. बाबू पुलापलीकडच्या गॅरेजात लागला होता, ते गॅरेजही या पावसाळ्याच्या तोंडावर बंद पडलं. तेव्हापासून तो रोज सकाळी कामावर निघाल्यासारखा केस विंचरून बाहेर पडायचा आणि दुपारी परत यायचा. कुठं होतास, असं त्याला घरात कुणी विचारायचं नाही.

मोठ्या रस्त्यावर नवं हॉटेल झालं होतं. मालकाला जुन्या वस्तूंची हौस. फाटकापासून पायरीपर्यंत त्यानं एक जुना पेट्रोलपंप, एक शिवणयंत्र, एक छापखान्याचं यंत्र मांडून ठेवलं होतं. विंचेचं त्याच्या कानावर गेलं. छान रंगवून आणून द्या, तो बाबूला म्हणाला, आणि गाड्या लावून घ्यायच्या कामावर तुम्हीच या, कायमचे.

"आप्पांना मी सांगतो," बाबू बायकोला म्हणाला होता. "योग्य वेळ बघून सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

ती मध्ये पडली नाही.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी ताडपत्री निघाली. खालून गोमा निघाल्या, उंदराचं घरटं निघालं, आणि मग विंच दिसली. गुडघ्याएवढ्या चौकटीवर बसलेलं पिंप, त्याला गुंडाळलेला काळपट दोर, एका अंगाला परातीएवढं दातेरी चाक. सगळ्यावर गंजाचे पापुद्रे, हात लावला की गळणारे. आप्पा भोवती फिरले. वाकून आत बघितलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"मेली नाही," ते म्हणाले. "झोपलीय."

बाबूनं मोठे बोल्ट सोडवून दिले आणि हॉटेलवाल्यानं बोलावलंय म्हणून, म्हणजे आप्पांना सांगताना एका ओळखीच्याकडं काम बघायला म्हणून, तो निघून गेला. मग रोजच जायला लागला. राहिले आप्पा आणि सून. तिनं नवऱ्याचा जुना शर्ट चढवला, डोक्याला फडकं बांधलं आणि तारेचा ब्रश घेऊन बसली. सुरुवातीला आप्पा सारखे म्हणायचे, "तू राहू दे गं, तुझं काम नाही हे." दोन दिवसांत म्हणायला लागले, "दातांच्या मुळाशी घास. वरवर पुसू नकोस, भांडं नाही ते."

सुटे भाग रॉकेलच्या पत्र्याच्या डब्यात भिजत पडायचे. ती एकेक काढून घासायची. रॉकेलनं बोटांची कातडी पांढरी पडून सुटू लागली, नखांखाली गंज बसला तो साबणानं निघेना. भात कालवताना हाताला रॉकेलचा वास यायचा. पण काम तिला आवडू लागलं होतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं. लालसर खरबरीत लोखंडाखालून अचानक करडा, गुळगुळीत धातू वर यायचा. पितळेचं बुश, आतलं कडं, तिनं घासलं तेव्हा ते अंगठीसारखं चमकलं. तिनं ते उन्हात धरून आप्पांना दाखवलं.

"बघ," आप्पा म्हणाले. "आत सगळं जागच्या जागी आहे. मी ग्रीस भरूनच निजवली होती तिला. माहीत होतं मला, कधीतरी बाबूच्या डोक्यात प्रकाश पडेल."

ती पुन्हा ब्रशाकडं वळली.

मुख्य दांडा काही केल्या निघत नव्हता. आप्पांनी शेगडी पेटवून तो तापवला, हातोडा मारला, पुन्हा तापवला. म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याला येऊन निखाऱ्यात पडायचा, चर्र आवाज व्हायचा. सासूबाई ओट्यावर धान्य निवडत बसल्या होत्या.

"माझे पाय दुखतात तेव्हा एवढं शेकलं नाही कधी," त्या म्हणाल्या.

"तुझे पाय निघून येणार नाहीत ना पण," आप्पा म्हणाले, आणि तेवढ्यात दांडा खणकन सुटला. तिघंही हसली. सून हसली आणि लगेच तिला आपल्या हसण्याची लाज वाटली. एखाद्याच्या पाठीमागं त्याची नक्कल केल्यासारखं तिला झालं.

सकाळी नळावर पाणी भरताना तिनं बाबूला गाठलं.

"कधी सांगणार आहात?"

"सांगतो गं."

"ते सगळं आतून नीट करतायत. तिला कामाला लावायची म्हणून. नुसती रंगवायची तर आतलं कशाला?"

बाबूनं बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "तू बघतेस ना त्यांना? ताडपत्री काढल्यापासून जेवतात किती, झोपतात किती. तो चेहरा बघून तूच सांग मला, कसं सांगू. करू दे थोडे दिवस पोटभर."

"आणि मग?"

"मग काय. घर चालायला नको?" तो म्हणाला. तिच्याकडं न बघता म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बादली नेताना पाणी हिंदकळून त्याच्याच पायावर सांडलं. तिला त्याचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्हीचा उपयोग नव्हता.

खटका झिजलेला होता. खटका म्हणजे दातेरी चाकात अडकणारी लोखंडी जीभ. हँडल सोडलं तरी ओढलेली गाडी मागं घसरू नये म्हणून ती असते. तिची धार गोल झाली होती. आप्पा स्वतः चालत लेथवाल्याकडं जाऊन नवी करायला टाकून आले. येताना चहाच्या टपरीवर थांबले, बऱ्याच वेळानं आले, खुशीत होते. ती तयार झाली त्या दिवशी आप्पांचे हात ग्रीसमध्ये होते, म्हणून आणायला सून गेली.

लेथवाल्यानं खटका कापडानं पुसून तिच्या हातात दिला, पण सोडला नाही.

"वहिनी, एक विचारू? हा नीट घासून बसवायचाय की नुसता दिसण्यापुरता?"

तिनं खटका आपल्याकडं ओढला. "बसवायचाय."

"तसं नव्हे," तो हळू आवाजात म्हणाला. "परवा आप्पा टपरीवर सगळ्यांना सांगत होते. विंच सुरू होतेय, कुणाची गाडी कुठं अडकली तर पूर्वीसारखी हाक मारा. समोर बसलेल्यांपैकी दोघं त्या हॉटेलात चौथरा बांधून आलेले. विंचेचाच चौथरा. कोण काय बोलणार? सगळे कपात बघत बसले. एक जण हसला, तर आप्पांना वाटलं आनंदानं हसला. त्याला चहा पाजला त्यांनी."

लेथचा पट्टा रिकामाच फिरत होता.

"माझ्या तोंडून जायला नको," तो म्हणाला. "तुम्ही घरातल्या. तुम्ही सांगा."

येताना वाटभर तिनं वाक्यं जुळवली. आप्पा, एक सांगायचं होतं. आप्पा, यांना काम मिळतंय, पण. दारातून शिरल्या शिरल्या सांगून टाकायचं, पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. पण आप्पा परसाच्या दारातच उभे होते. "आप्पा, एक..." ती म्हणाली तोवर त्यांनी तिच्या हातातून खटका घेतला, अंगठ्यानं धार बघितली, तेलाचं बोट फिरवलं आणि जागेवर बसवला.

"मार हँडल."

तिनं दोन्ही हातांनी हँडल ओढलं. चाक फिरलं. टक्. टक्. टक्. एकेका दातावरून खटका पडत गेला. "आता सोड," आप्पा म्हणाले. ती बिचकली. "सोड गं, सोड!" तिनं सोडलं. हँडल जिथल्या तिथं थांबलं.

आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ते ओले होते. ते त्यांनी बाहीनं पुसले, आणि बाहीचं ग्रीस गालाला लागलं.

"हा आवाज," ते म्हणाले. "काय म्हणत होतीस तू आत येताना?"

"काही नाही," ती म्हणाली. "लेथवाला नमस्कार सांगत होता."

तेवढं एकच वाक्य. नंतर कितीतरी दिवस तिला ते ऐकू येत राहिलं.

रंगावरून थोडी कुरबुर झाली. विंच पहिल्यापासून करडी होती. बाबूनं भडक लाल आणि पिवळ्या रंगाचे डबे आणून ठेवले.

"हा काय पाळणा आहे का जत्रेतला?" आप्पा म्हणाले.

"लांबून दिसायला हवी, आप्पा," बाबू म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

आप्पांनी विचार केला. "तेही खरंच. रस्त्यावर अंधुक उजेडात दिसायला बरी." आणि त्यांनी आधी तांबड्या प्रायमरचा एक हात दिला, वाळू दिला, पॉलिश पेपरनं घासला, मग रंगाचा पहिला हात, मग दुसरा. ब्रशाचा केस चिकटला तर चिमट्यानं काढायचे. चौकट आणि पिंप लाल, दातेरी चाकाची कडा आणि हँडल पिवळी. दातांना त्यांनी रंग लागू दिला नाही, एकेक दात फडक्यानं पुसून ग्रीस लावलं. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. छान झाली म्हणाले. जास्त वेळ कुणी थांबलं नाही.

मॅनेजर आला तेव्हा बाबू हॉटेलातच गणवेशाचं माप द्यायला गेला होता. तरुण, नीटनेटका माणूस, बूट परसातल्या चिखलात बुडू नयेत म्हणून विटांवरून पाय टाकत आला. हातात मोजपट्टी होती.

"आजोबा, नमस्कार. अरे वा! फोटोत एवढी सुंदर दिसत नव्हती." त्यानं वाकून चौकटीच्या भोकांची मापं घेतली. "बरोबर बसेल. चौथऱ्यात बोल्ट रोवून ठेवलेत आम्ही. फाटकातून आत येणाऱ्याला पहिली हीच दिसेल."

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. "कसला चौथरा?"

"शोभेचा. एकच करायचं राहिलंय. हे जे फिरतंय ना, चाक, हँडल, ते वेल्डिंग मारून बंद करून द्या. लहान मुलं येतात, हात घालतात. तुमच्या चिरंजीवांना सांगितलंय मी, आमच्याकडंच मशीन आहे. उद्या आणा, उद्यापासूनच ते रुजूही होतील."

सून ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. आता आप्पा ओरडतील, असं तिला वाटलं. ओरडावं, असंही वाटलं. आप्पांनी खांद्यावरचं फडकं काढून स्टूल पुसलं.

"बसा साहेब," ते म्हणाले. "सूनबाई, चहा ठेव."

चहा करताना तिच्या हातून साखर सांडली. मॅनेजर चहा पिऊन, आभार मानून, पुन्हा विटांवरून पाय टाकत गेला. आप्पा तिथंच होते. विंचेच्या पिंपावर हात ठेवून उभे.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"खटका आणलास तेव्हाही?"

"हो, आप्पा."

त्यांनी तिच्या हातांकडं बघितलं. सोललेली बोटं, नखांतला गंज, अंगठ्याला बांधलेली चिंधी. बघत राहिले.

"मग हात कशाला एवढे सोलून घेतलेस?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच कळत नसल्यासारखं. हात लपवायला जागा नव्हती म्हणून तिनं ते पाठीमागं धरले.

संध्याकाळी बाबू गणवेशाचं पाकीट काखेत घेऊन आला. घरातली शांतता बघून दारातच उभा राहिला. आप्पा म्हणाले, "टेम्पो सांगितलास का उद्याचा? चौकटीला साखळ्या लागतील, त्याही सांग." एवढं बोलून ते उठून बाहेर गेले. बोलल्या त्या सासूबाई.

"मला तरी सांगायचं होतंत. सवत म्हणते म्हणून काय तिचं वाईट चिंतते मी? हा माणूस गावभर सांगत फिरला, लोक तोंडावर हसले असतील, आणि तुम्ही दोघं घरात बसून त्याच्या ताटात वाढत होता."

"आई, काम मिळत नव्हतं मला," बाबू म्हणाला.

"ते मला कळत नाही होय? अरे, त्यांना सांगितलं असतंस तर त्यांनीच उचलून दिली असती. हसत दिली असती." त्यांनी सुनेकडं बघितलं. "आणि तू गं. तू तर रोज समोर होतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर पाऊस पडून गेला होता. शेजारचे चौघं हाताशी धरून विंच टेम्पोत चढली. आप्पांनी तिला साखळ्यांनी टेम्पोच्या साट्याला जखडलं, एकेक साखळी ओढून बघितली, आणि न विचारताच मागं चढून बसले. सून त्यांच्या मागोमाग चढली. बाबू नव्या गणवेशात ड्रायव्हरशेजारी बसला. गणवेश खांद्यात थोडा मोठा झाला होता.

हॉटेल दिसायला लागलं तेवढ्यात समोरून मोठी बस आली. टेम्पोवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि डावीकडची दोन्ही चाकं भुसभुशीत मातीत गेली. त्यानं गिअर टाकून पाहिला. चाक फिरलं, चिखल उडाला, टेम्पो आणखी कलला.

बाबू खाली उतरला. घड्याळ बघितलं, पँट वर ओढून धरली. "फोन करतो. हॉटेलच्या ओळखीची क्रेन आहे."

"क्रेन?" मागून आप्पा म्हणाले. "आणि ही कशाला आहे?"

आप्पा खाली उतरले. मागं रस्त्याच्या कडेला जाड बुंध्याचं झाड होतं. त्यांनी ब्रेकचा पट्टा सैल केला, दोर ओढत नेला, बुंध्याला पोत्याचा तुकडा गुंडाळून त्यावरून हुक अडकवला. मग परत वर चढले.

"बाबू, तू खाली उभा राहून चाकावर नजर ठेव. दोरापासून लांब. सूनबाई, ते हँडल घे."

दोघं समोरासमोर उभी राहिली. पहिल्या काही फेऱ्या हलक्या गेल्या, मग दोर ताठ झाला, साखळ्या करकरल्या. टक्. टक्. प्रत्येक टकीसाठी आता सगळं अंग घालावं लागत होतं. तिच्या दंडांना कंप सुटला, ओठ दातांखाली गेला. आप्पांच्या गळ्याच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. "एकदम नको," ते म्हणत होते, "माझ्या बरोबर. हं. आणि हं." टेम्पो हलला. चिखलानं सुस्कारा टाकला. टेम्पोवाल्यानं मागचा गिअर टाकला, बाबूनं पुढून खांदा लावला, आणि मागचं चाक वर येताना चिखलाचा फवारा त्याच्या गणवेशावर छातीपर्यंत उडाला. टेम्पो रस्त्यावर आला.

मागं थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून बघत होता. त्यानं टाळ्या वाजवल्या. "आजोबा, काय ओढलीत! असं हत्यार राहिलंय कुणाकडं? आमच्या खडीच्या रस्त्याला रोज गाड्या अडकतात. कुठं असता तुम्ही? नंबर द्या की."

आप्पा धापा टाकत होते. बाबू चिखल झटकत होता, तो झटकायचा थांबला.

"ही आता त्या फाटकापाशी असते," आप्पा म्हणाले. "येता जाता बघा."

ड्रायव्हरला ते काही कळलं नाही. तो हसून, मान हलवून निघून गेला.

चौथरा खरंच छान बांधला होता. विंच उतरवून बोल्टांवर बसवली. दोरानं एका कडेचा रंग खरवडला होता, मॅनेजरनं त्यावर बोट ठेवलं. बाबूच्या गणवेशाकडं बघितलं आणि काही न बोलता नजर वळवली. "आधी वेल्डिंग उरकून घ्या," तो म्हणाला. "मग रंगाचं बघू."

"साहेब," आप्पा म्हणाले, "वेल्डिंग नको. मी आतलं लहान चाक काढून देतो. मग हँडल नुसतंच राहील, कुणाचं बोट अडकणार नाही."

"आजोबा, मालकांनी वेल्डिंग सांगितलंय. उगाच माझ्यावर यायला नको."

आप्पांनी पुन्हा सांगितलं नाही. बाबूनं वेल्डिंगची काच तोंडापुढं धरली आणि खटक्याजवळ कांडी टेकवली. निळा उजेड पडला, ठिणग्या उडाल्या. वितळलेला धातू थेंबाथेंबानं वेडावाकडा पडत गेला. तो थांबला, पुन्हा टेकवली, कांडी चिकटून बसली. भोवती हॉटेलातली माणसं उभी होती.

"करंट कमी आहे," आप्पा म्हणाले.

बाबूनं काच खाली केली. तो रडत होता. ठिणगीचा धूर डोळ्यांत गेला म्हणावं, तर काच तोंडापुढंच होती.

आप्पांनी वाकून मशीनचं बटण फिरवलं. "आता धर. दातापासून सुरुवात कर आणि सरळ खटक्यावर आण. अर्धवट चिकटवलंस तर उद्या सुटेल, आणि एखाद्या पोराचं बोट जाईल. मालकाचं बरोबर आहे त्यात." त्यांनी बाबूचं कोपर हातात धरलं. "हं. हळू. जाऊ दे पुढं."

सून फाटकाच्या खांबाशी होती. तो उजेड डोळ्यांनी बघू नये हे तिला आप्पांनीच शिकवलं होतं. तरी तिनं मान वळवली नाही. रेघ या वेळी सरळ आली, एकसारखी, दातांपासून खटक्यापर्यंत. आप्पांनी हातोडीनं वरची राख झाडली आणि हँडलाला हिसका देऊन बघितला. हललं नाही.

"चांगलं झालं," ते म्हणाले.

परतताना बाबू तिथंच राहिला. टेम्पो वळताना तो एका पांढऱ्या गाडीला मागं येण्यासाठी हात करताना दिसला. छातीवरचा चिखल वाळून पांढुरका झाला होता.

मागच्या साट्यात साखळ्या रिकाम्या घरंगळत होत्या. आप्पा एका बाजूला, ती समोर. बराच रस्ता गेला.

"मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

जाऊ दे म्हणतील, असं तिला वाटलं होतं. ती त्याचीच वाट बघत होती, हे तिला त्या क्षणी कळलं.

"हो," आप्पा म्हणाले. "सांगायला हवं होतं."

त्यांनी घरंगळत आलेली साखळी पायानं अडवली.

घरापाशी टेम्पो थांबला. तिनं खाली उडी मारली. आप्पा उठून कडेशी आले आणि तिथंच थांबले. हँडल मारून त्यांचे पाय ताठले होते, गुडघे वाकत नव्हते. एरवी तिनं लगेच खांदा पुढं केला असता. आता तिला धीर झाला नाही. ती खाली उभी, ते वर उभे. टेम्पोवाल्यानं आरशातून बघितलं, इंजिन चालूच ठेवलं.

मग आप्पांनी वाकून तिच्या खांद्यावर हात टेकला. सगळा भार टाकला, आणि सावकाश खाली उतरले.